झाडांकडून उसने घेतलेले क्रियापद

इंग्रजीच्या पहिल्या एक-दोन इयत्तांतच भेटणारे ‘ग्रो’ हे क्रियापद सोपे समजले जाते. शब्दकोशात त्याच्यापुढे ‘वाढणे’ लिहिलेले असते आणि रोप वाढते, मूल वाढते, केस वाढतात इथपर्यंत तेवढे पुरतेही. गाडी अडते ती पुढे. थंडीच्या दिवसांत दिवस लहान होऊ लागले की इंग्रज म्हणतो, ‘द डेज आर ग्रोइंग शॉर्टर’. वाढून लहान होणे हा काय प्रकार आहे? आवाज क्षीण होत गेला तरी ‘ग्रो’, आशा मावळत चालली तरी ‘ग्रो’, दोन मित्र हळूहळू दुरावले तरी ‘ग्रो’. उलट पेट्रोलचा भाव दोन रुपयांनी वाढला किंवा रुग्णाचा ताप वाढला, तर तिथे ‘ग्रो’ बसत नाही. ‘आईने मला वाढवले’ याचे ‘माय मदर ग्र्यू मी’ असे भाषांतर केले, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कुंडी येते. म्हणजे आपल्याकडे वाढ नाही तिथे हा शब्द हजर आणि वाढ आहे तिथे गैरहजर. शिकवणाऱ्यांनी यावर शोधलेला उपाय म्हणजे हे सगळे वेगवेगळे वाक्प्रचार मानून पाठ करायला लावणे. त्याची फारशी गरज नाही. हे क्रियापद बदलाचे माप सांगत नाही, बदलाचा उगम सांगते. बदल वस्तूच्या आतून, तिच्या स्वतःच्या गतीने होतो आहे, एवढेच त्याचे म्हणणे असते. ही एक गोष्ट धरून ठेवली तर वरची जवळजवळ सगळी कोडी एकाच किल्लीने उघडतात, आणि ही किल्ली शब्दाच्या इतिहासातच ठेवलेली आहे.

जुन्या इंग्रजीत, म्हणजे सुमारे हजार वर्षांपूर्वी, या क्रियापदाचे रूप ‘ग्रोवान’ असे होते आणि ते प्रामुख्याने झाडापेरांसाठी वापरत. ‘ग्रीन’ आणि ‘ग्रास’ ही त्याची सख्खी भावंडे: हिरवे ते जे उगवते आहे, आणि गवत म्हणजे उगवलेले. माणसे, जनावरे, चंद्र, समुद्राची भरती, राजाचे बळ यांच्यासाठी दुसरे क्रियापद होते. त्याचे आजचे रूप ‘वॅक्स’. मेणाचे वॅक्स वेगळे, हे वेगळे. या वाढीच्या ‘वॅक्स’चे गोत्र मोठे आहे. जर्मनमधले ‘वाक्सेन’ हे त्याचे भावंड, आणि ज्या आदिम धातूपासून ते निघाले त्याच धातूशी संस्कृतातल्या ‘ओजस्’चेही नाते भाषाशास्त्रज्ञ जोडतात. लॅटिनमार्गे त्याच धातूतून इंग्रजीत ‘ऑक्शन’ आले. लिलावात बोली वाढतच जाते. एवढे खानदानी क्रियापद पुढच्या काही शतकांत इंग्रजीतून जवळजवळ हद्दपार झाले आणि शेताच्या बांधावरच्या ‘ग्रो’ने त्याची सगळी जागा बळकावली. १६११ सालच्या राजमान्य इंग्रजी बायबलात एका बालकाच्या वाढीचे वर्णन करताना ही दोन्ही क्रियापदे एकाच वाक्यात शेजारी बसलेली दिसतात. आज ‘वॅक्स’ उरले आहे ते मुख्यतः शुक्ल पक्षातल्या चंद्रापुरते आणि भाषणाच्या भरात येणाऱ्या वक्त्यापुरते.

हा सत्तापालट सगळ्या जर्मानिक भाषांत झाला नाही. जर्मनमध्ये मूल आणि गवत दोघांसाठी ‘वाक्सेन’ चालते. डॅनिश आणि नॉर्वेजियन या भाषांनी दोन्ही क्रियापदे राखली आणि त्यांच्यातली वाटणीही बरीचशी जुनीच ठेवली: मुलासाठी ‘वॅक्स’च्या कुळातले, झाडासाठी ‘ग्रो’च्या कुळातले. शिवाय नॉर्वेजियनमध्ये जखम भरून येते तेव्हाही ‘ग्रो’चाच भाऊबंद शब्द वापरतात, आणि स्वीडिशमध्ये त्याचा अर्थ बियाण्याला मोड येणे असा आहे. जखम भरणे आणि मोड येणे या दोहोंत आकार वाढण्याला दुय्यम महत्त्व आहे. दोहोंत समान आहे ते हे की वैद्य पट्टी बांधू शकतो, शेतकरी पाणी घालू शकतो, पण भरून येणे आणि मोड येणे हे ज्याचे त्यालाच करावे लागते. इंग्रजीने माणसापासून कर्जापर्यंत सगळीकडे हे क्रियापद नेले, तेव्हा त्याच्याबरोबर झाडाची ही रीतही गेली.

आता दिवसांच्या लहान होण्याकडे परत येऊ. इंग्रजीत ‘होणे’ या अर्थाची अनेक क्रियापदे आहेत आणि त्यांच्यातले भेद जाड शब्दकोशापेक्षा रोजच्या वापरात जास्त स्पष्ट दिसतात. पावसात माणूस ओला होतो तेव्हा ‘गेट’. कोणी त्याला ‘ग्र्यू वेट’ म्हणत नाही, कारण ओल बाहेरून आली. पाने पिवळी होतात तेव्हा ‘टर्न’, वयाची अठरा वर्षे पूर्ण होतात तेव्हाही ‘टर्न’. एका रेषेच्या अलीकडून पलीकडे जाणे तिथे महत्त्वाचे. दूध नासते तेव्हा ‘गो’. पण म्हातारपण, थकवा, कंटाळा, अंधार, सवय, विश्वास यांच्यासाठी ‘ग्रो’ शोभून दिसते. लॉटरी लागून श्रीमंत झालेल्या माणसाने ‘आय ग्र्यू रिच’ म्हटले तर ते खटकेल. तीस वर्षे किराणा दुकान चालवून श्रीमंत झालेल्याला ते खुशाल म्हणता येईल. रक्कम दोघांची सारखी असली तरी फरक पडतोच. मराठीत याच्या सर्वांत जवळचे काही असेल तर ते ‘वाढणे’ नसून ‘होत जाणे’ आहे. दिवस लहान होत जातात, माणूस अबोल होत जातो, अंधार गडद होत जातो. ‘झाला’ आणि ‘होत गेला’ यांच्यातला जो फरक मराठी माणसाला न शिकवता कळतो, तोच ‘बिकेम’ आणि ‘ग्र्यू’ यांच्यात बऱ्याच प्रमाणात आहे. शब्दकोशांनी ‘होत जाणे’ हा अर्थ चौथ्या-पाचव्या क्रमांकावर टाकला, म्हणून तो आडवाटेचा ठरत नाही.

इथे कोणी म्हणेल की म्हातारे होण्याला वाढ म्हणणे ही शेवटी इंग्रजीचीच लहर. पण ही लहर आपल्याही घरातली आहे. ‘वाढ’ ज्या ‘वृध्’ धातूपासून आली त्याच धातूचे भूतकालवाचक विशेषण म्हणजे ‘वृद्ध’. वृद्ध म्हणजे शब्दशः वाढलेला. ज्ञानवृद्ध, वयोवृद्ध हे शब्द तर ही गोष्ट उघड सांगतात. गंमत अशी की इंग्रजीतला ‘ओल्ड’ हादेखील मुळात ‘वाढलेला, पोसलेला’ अशा अर्थाच्या धातूतून आला आहे आणि लॅटिनमधून आलेला ‘अडल्ट’ त्याच कुळातला आहे. तेव्हा ‘ग्रो ओल्ड’ म्हणजे मुळातल्या अर्थाने ‘वाढत वाढत वाढलेले होणे’. मराठीतले ‘वाढणे’ आणखी एका ठिकाणी इंग्रजीला चकवते: आपण नारळ वाढवतो, बायका बांगडी वाढवतात. फुटण्याला वाढणे म्हणण्याची ही रीत आणि ‘ग्रो स्मॉलर’ यांची सांगड घालण्याचा मोह होतो, पण तो टाळलेला बरा. नारळाच्या बाबतीत आपण अशुभ शब्द टाळण्यासाठी उलटा शब्द वापरतो. इंग्रजीतल्या लहान होत जाण्यामागे असली काही भीती नाही.

या सगळ्या मांडणीवर सर्वांत वजनदार आक्षेप बाजाराकडून येतो. कर्ज ‘ग्रो’ होते, शहर ‘ग्रो’ होते, लोकसंख्या, गर्दी, तूट, निर्यात सगळे ‘ग्रो’ होते. यांना कुठले आले अंतरंग? मग हा शब्द सरळ ‘वाढणे’ नाही तर दुसरे काय? आक्षेप खरा आहे, पण यादी नीट पाहिली तर तिच्यातही निवड आहे. किंमत, तापमान, धरणातली पाणीपातळी, पेट्रोलचा भाव यांच्यासाठी इंग्रजी ‘राइज’, ‘गो अप’ किंवा ‘इन्क्रीज’कडे वळते. हे सारे पट्टीवरचे बिंदू आहेत. त्यांना स्वतःची काया नाही. गर्दीला ती आहे, शहराला आहे, लोकसंख्या तर अक्षरशः स्वतःतूनच वाढते. आणि कर्जाइतका सुंदर दाखला दुसरा नाही. भाव दुसरे कोणी तरी वाढवते. कर्ज मात्र आपण झोपलो तरी वाढत राहते. आपल्या पूर्वजांना हे पक्के ठाऊक होते. संस्कृतात ‘वृद्धी’ या शब्दाचा एक अर्थच व्याज असा आहे आणि शाळेतल्या गणिताच्या पुस्तकात तो ‘चक्रवृद्धी’च्या रूपाने अजून जिवंत आहे. सावकाराचे पैसे झाडासारखे वाढतात, हे पाहायला इंग्रजीची गरज नव्हती. निर्जीव वस्तूंतही हाच नियम लागतो. गुहेतले चुन्याचे खांब ‘ग्रो’ होतात, मिठाचे स्फटिक ‘ग्रो’ होतात. डोंगर पोखरून काढलेल्या दगडांचा ढीग सहसा होत नाही. संगणकाच्या चिपांसाठी लागणारा सिलिकॉनचा मोठा स्फटिक वितळलेल्या सिलिकॉनमध्ये एक छोटा स्फटिक बुडवून, तो हळूहळू वर ओढत ‘ग्रो’ करतात, आणि त्या छोट्या स्फटिकाला तिथले तंत्रज्ञ ‘सीड’, म्हणजे बी, असेच म्हणतात.

तरीही एका ठिकाणी माघार घ्यायला हवी. देशाचे सकल उत्पादन इतक्या टक्क्यांनी ‘ग्रो’ झाले असे वाक्य अर्थतज्ज्ञ लिहितो तेव्हा त्याच्या मनात रोप नसते, आकडेवारीचा तक्ता असतो. ‘निगेटिव्ह ग्रोथ’ हा शब्दप्रयोग तर सुकत चाललेल्या झाडाला उणे वाढीचे झाड म्हणण्यासारखा आहे. या एका प्रांतात क्रियापद घासून गुळगुळीत झाले आहे, हे मान्य. मात्र पूर्ण गुळगुळीत नव्हे. १९९१ साली मंदीतल्या ब्रिटनचे अर्थमंत्री नॉर्मन लॅमाँट यांना सुधारणेची चिन्हे दाखवायची होती, तेव्हा त्यांना हिरवे कोंब आठवले. ‘ग्रीन शूट्स’ हा त्यांचा शब्द आज जगभरच्या अर्थपत्रकारांच्या तोंडी आहे. ‘ग्रीन’ आणि ‘ग्रो’ हजार वर्षांनी पुन्हा एका बांधावर आले ते असे.

या क्रियापदाची सर्वांत वादग्रस्त बाजू म्हणजे त्याचा सकर्मक वापर. शेतकरी टोमॅटो ‘ग्रो’ करतो, हे आज इतके सहज वाटते की ते नेहमीचेच असावे असा समज होतो. प्रत्यक्षात या अर्थाची नोंद अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सापडते. त्याआधीची अनेक शतके झाड स्वतःच वाढत होते, शेतकरी पेरत, लावत आणि कापत होता. आणि सकर्मक झाल्यावरही क्रियापदाने जुना स्वभाव सोडला नाही. दाढी ‘ग्रो’ करणे म्हणजे काय, तर वस्तरा न लावणे. मराठी यावर कडी करते. आपण दाढी ‘राखतो’. हरणाला शिंगे येतात, पालीला नवे शेपूट येते, तिथेही इंग्रजीत हरीण आणि पाल हे कर्ते असतात, पण त्यांनी केलेले काम शून्य असते. जिवाणू प्रयोगशाळेत ‘ग्रो’ करता येतात, कारण त्यांना योग्य खाद्य आणि ऊब देऊन बाजूला व्हायचे असते. मुलांच्या बाबतीत मात्र इंग्रजी थबकते. ती ‘रेज’ करावी लागतात किंवा ‘ब्रिंग अप’ करावी लागतात; ती स्वतः ‘ग्रो अप’ होतात. गाई-म्हशींचेही तसेच. आजीने नातवाला वाढवले आणि बागेत मिरची वाढवली, या दोन वाक्यांत मराठीला एकच क्रियापद पुरते, कारण आपल्याकडे धातूला ‘-अव’ लावला की कर्ता तयार: वाढ-वाढव, रुज-रुजव, पिक-पिकव. इंग्रजीत अशी सोयीची मात्रा नाही. तिथे एकच रूप दोन्ही कामे करते आणि त्यामुळे कोणते कर्म चालेल यावर पहारा कडक असतो.

हा पहारा व्याकरणातही दिसतो. नोम चॉम्स्की यांनी १९७० सालच्या नामरूपांवरील एका निबंधात दाखवून दिले की ‘टोमॅटोची ग्रोथ’ या पदबंधाचा अर्थ ‘टोमॅटो वाढतात’ एवढाच होतो. ‘जॉन टोमॅटो वाढवतो’ हा अर्थ त्यातून काढता येत नाही. वाक्यात सकर्मक असलेले क्रियापद नाम झाले की आपल्या मालकाला टाकून झाडाकडे परत जाते. शेतकऱ्याचे श्रम सांगायचे तर ‘कल्टिव्हेशन’सारखा दुसरा शब्द आणावा लागतो. पुढे बेथ लेव्हिन आणि मल्का रॅपापोर्ट होवाव यांनी १९९५च्या पुस्तकात क्रियापदांची आतून घडणाऱ्या बदलाची आणि बाहेरून घडवलेल्या बदलाची अशी विभागणी मांडली. उमलणे, कुजणे, गंजणे एकीकडे. मोडणे, उघडणे दुसरीकडे. ‘ग्रो’ या दोहोंच्या मधल्या उंबऱ्यावर उभे आहे, म्हणून त्याच्यावरचे वाद मिटत नाहीत.

आपल्याकडच्या भाषांतरकारांना हा उंबरठा ओळखता आला होता याचा एक जुना पुरावा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थान सरकारने ‘ग्रो मोअर फूड’ ही मोहीम काढली आणि ती स्वातंत्र्यानंतरही चालू राहिली. मराठीत तिची घोषणा झाली ‘अधिक धान्य पिकवा’. ‘वाढवा’ म्हटले असते तर ते धान्याच्या साठ्याबद्दल वाटले असते, किंवा पंगतीला बसलेल्या कोणाला पोटभर वाढण्याबद्दल! ‘पिकवा’मध्ये शेतकरी आहे, पण पिकणे पिकाचेच आहे. सरकारी घोषणा इतकी नेमकी क्वचित असते.

मग १९९२ची अमेरिकन अध्यक्षीय निवडणूक आली. बिल क्लिंटन यांच्यासह जवळजवळ सगळे उमेदवार अर्थव्यवस्था ‘ग्रो’ करण्याची भाषा बोलू लागले आणि तोवर उद्योगजगतात घोटाळणारा हा प्रयोग घराघरांत पोचला. भाषेच्या रखवालदारांना ते रुचले नाही. अमेरिकन हेरिटेज शब्दकोशाच्या सल्लागार मंडळातल्या मोठ्या बहुमताने धंदा ‘ग्रो’ करणे नापसंत ठरवले. विरोधकांना उत्तर असे दिले जाते की टोमॅटो चालतो तर धंदा का नाही, भाषा बदलत असतेच. भाषा बदलते हे खरे, आणि हा प्रयोग आता इंग्रजीत स्थिरावला आहे. त्याला चूक म्हणून लाल शाई वापरण्यात अर्थ नाही. धंद्यालाही स्वतःची एक गती असते, तेव्हा रूपक अगदीच खोटे नाही. पण त्याच्या सोयीकडे लक्ष द्यायला हरकत नाही. ‘इन्क्रीज’ म्हणणाऱ्याला कसे वाढवले ते सांगावे लागते. ‘ग्रो’ म्हणणारा माळ्याच्या भूमिकेत शिरतो: बहर आला की तो त्याच्या हाताचा गुण, आणि नाही आला तर क्रियापद निमूट अकर्मक होते. आम्ही अर्थव्यवस्था ‘ग्रो’ केली. यंदा अर्थव्यवस्था ‘ग्रो’ झाली नाही. कर्ता दुसऱ्या वाक्यातून कधी निसटला ते कळतही नाही. मराठीतही ‘उत्पादन वाढवले’ आणि ‘उत्पादन वाढले नाही’ ही जोडी अपरिचित नाही, मात्र आपल्याकडे त्या ‘-अव’मुळे निसटलेला कर्ता निदान ऐकू तरी येतो. पुण्या-मुंबईच्या कार्यालयांतल्या मिश्र मराठीने मात्र तीही सोय घालवली आहे. ‘कंपनी ग्रो करतेय’ आणि ‘कंपनी ग्रो करायचीय’ या दोन वाक्यांत एकच ‘करणे’. पहिल्यात कंपनी वाढते, दुसऱ्यात ती कोणी तरी वाढवणार. परक्या क्रियापदाला आपले ‘होणे’ आणि ‘करणे’ नीट जोडायची मराठीची जुनी शिस्त इथे सैल पडलेली दिसते.

नामाची गोष्ट थोडी निराळी. अर्थशास्त्राच्या मराठी पुस्तकांनी ‘ग्रोथ’साठी वृद्धी आणि ‘डेव्हलपमेंट’साठी विकास अशी वाटणी केली आहे, तरी वर्तमानपत्रे सर्रास ‘विकासदर’ लिहितात आणि वाचकाला वाटते, देशाचा विकासच टक्क्यांत मोजला. पण याच नामाचा एक उपयोग असा आहे की तिथे टक्के, उमेदवार, व्यवस्थापक यांपैकी कोणीच पोचत नाही. सोनोग्राफीचा अहवाल हातात धरून डॉक्टर सांगतात, ‘ग्रोथ आहे.’ मराठीत आपण याला गाठ म्हणतो आणि गाठ मारण्याला कोणाचे तरी हात लागतात. इंग्रजी शब्दात ते हात नाहीत. चॉम्स्कींच्या टोमॅटोप्रमाणेच, तिथे काहीतरी आपले आपण उगवले आहे. कोणी पेरलेले नाही, कोणी पाणी घातलेले नाही.